झाकलेलं नाव

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासायला जाण्याआधी बऱ्याच ठिकाणी तोही झाकला जातो, किंवा त्याच्या जागी बारकोडची पट्टी येते. उत्तरपत्रिकेवर ज्या सूचना छापलेल्या असतात, त्यांत एक अशी असते की आत कुठंही आपलं नाव, ओळखीची खूण, देवाचं नाव किंवा परीक्षकाला विनंती लिहू नये. मुलं ही सूचना वाचत नाहीत. कुणी सवयीनं पहिल्या ओळीच्या वर ‘श्री’ लिहितो, कुणी ‘७८६’ लिहितो. दोघांच्याही मनात पाप नसतं. घरच्या वहीवर लिहितात तसंच इथं लिहितात. पण नियमाच्या लेखी ती ओळखीची खूण, आणि ओळखीची खूण हा गैरप्रकार ठरू शकतो.

परीक्षेतल्या गैरप्रकारांविषयी बोलताना मी या साध्या सूचनेपासून सुरुवात करतो आहे, कारण मला या विषयाचा सगळा इतिहास तिच्यात दिसतो. कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खिडकीला लटकलेली माणसं, बाहीतली चिठ्ठी आणि भरारी पथकाची जीप येते. पण परीक्षा नावाची व्यवस्था मुळात नाव झाकण्यासाठी जन्माला आली. आणि गैरप्रकार म्हणजे ते झाकलेलं नाव कुठल्या ना कुठल्या वाटेनं पुन्हा उघडं करणं.

ही नाव झाकण्याची कल्पना चीनमधली. तिथं सरकारी अधिकारी निवडण्यासाठी सुमारे तेराशे वर्षं परीक्षा होत होती. १९०५ मध्ये ती बंद झाली. सुंग घराण्याच्या राजवटीत, दहाव्या शतकाच्या अखेरीस, उमेदवाराच्या नावावर कागद चिकटवायला सुरुवात झाली. मग लक्षात आलं की नाव झाकलं तरी अक्षर बोलतं. परीक्षक आपल्या शिष्याचं वळण बरोब्बर ओळखतो. तेव्हा अकराव्या शतकात सरकारी लेखनिक बसवले गेले. ते प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करायचे आणि परीक्षकापुढं ती नक्कल जायची. उमेदवारांना वेगवेगळ्या खोपट्यांत बसवायचे, दारात झडती घ्यायचे. तरीही अंगरख्याच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथच्या ग्रंथ लिहून नेणारे होतेच. असे अंगरखे आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. म्हणजे चिठ्ठी ही आपल्या विद्यापीठांपेक्षा कितीतरी जुनी आहे. पण चोरी होते म्हणून त्यांनी नाव झाकणं सोडलं नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर सुरू झालं. सुरुवातीच्या काळात हे विद्यापीठ कुणाला शिकवत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं, विद्यापीठ फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. विद्यापीठ म्हणजेच परीक्षा. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर मुलं बसली आणि उत्तीर्ण झाली वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये पहिले बी.ए. झाले ते अवघे चार. त्या दालनापर्यंत कोण पोहोचू शकत होतं, हे या नावांवरून कळतंच. पण दार एकदा बसवलं गेलं होतं. ज्या मुलाला शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं, ते भीमराव आंबेडकर त्याच विद्यापीठाची मॅट्रिक १९०७ मध्ये आणि बी.ए. १९१२ मध्ये उत्तीर्ण झाले. वर्गात वेगळं बसवता आलं, पण प्रश्नपत्रिका वेगळी काढता आली नाही.

या दाराची किंमत आमच्या सोलापुरात मी जवळून पाहिली आहे. हे गाव मागांचं आणि विड्यांचं. मिल एकामागून एक बंद पडत गेल्या, यंत्रमाग राहिले. घरातला पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी कॉलेजात जाते, तेव्हा तिच्यामागे ना ओळख असते, ना वशिला. असतो तो फक्त निकाल. मी बी.ए. झालो तेव्हा सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. इथली कॉलेजं १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूर विद्यापीठ झालं २००४ मध्ये, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. माझा विषय मराठी. माझं नाव ऐकल्यावर ‘मराठी कुठं शिकलात?’ असं विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि ज्ञानेश्वरीवरचं उत्तर मी लिहिलं. ते साताऱ्यात तपासलं गेलं की सांगलीत, मला माहीत नाही. ज्यांनी ते तपासलं त्यांनाही माझं नाव, माझी पेठ, माझं घर माहीत नव्हतं. त्यांच्यापुढं फक्त उत्तर होतं. त्या उत्तराला जेवढे गुण योग्य वाटले तेवढे त्यांनी दिले. असं निखळ माप आयुष्यात फार वेळा वाट्याला येत नाही. म्हणून कॉपीचा विषय निघाला की मला नीतीच्या धड्याआधी हे माप आठवतं. ज्याच्याजवळ दुसरं काही नाही त्याची ही एकुलती एक मालमत्ता आहे.

पण नाव झाकणं हा झाला निम्मा न्याय. उरलेला निम्मा कोणता, ते १८६९ च्या एका प्रकरणातून कळतं. त्या वर्षी लंडनमध्ये आय.सी.एस.च्या स्पर्धेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावं अधिकाऱ्यांनी यादीतून काढून टाकली. का? तर वय जास्त आहे, मॅट्रिकच्या वेळी सांगितलेलं वय आणि आता सांगितलेलं वय जुळत नाही. आपण म्हणतो ना, ‘पोराला सोळावं लागलं’? म्हणजे पंधरा पूर्ण झाली. साहेबाच्या हिशेबात सोळा म्हणजे सोळा पूर्ण. मोजण्याची रीत वेगळी, आणि शिक्का बसला लबाडीचा. दोघंही गप्प बसले नाहीत. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं, हिंदी रीत काय आहे ते मांडलं गेलं आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं. उत्तर तपासताना माणूस दिसता कामा नये, हे खरं. पण त्याच माणसावर आरोप ठेवताना मात्र तो समोर उभा असला पाहिजे आणि त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकलं पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही पुढं हेच सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या तीन विद्यार्थ्यांचा इंटरचा निकाल बोर्डानं कॉपीच्या संशयावरून रद्द केला होता, त्यांना काहीही न विचारता. १९६२ मध्ये न्यायालय म्हणालं की हे चालणार नाही, त्यांना बाजू मांडू द्यायला हवी होती. १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्राचं प्रकरण आलं. तिथं अख्ख्या केंद्रावरच सामूहिक कॉपी झाल्याचं दिसत होतं. तेव्हा न्यायालयानं सांगितलं, इथं कुणा एकावर ठपका नाही, परीक्षाच खोटी ठरली आहे, ती पुन्हा घ्या. एकेकाची चौकशी करत बसण्याचं कारण नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एकट्याला दोषी ठरवायचं असेल तर त्याचं ऐका. सगळ्यांचंच माप बिघडलं असेल तर माप बदला.

महाराष्ट्रात ‘कॉपी’ या शब्दाला केव्हा काय झालं हे भाषेच्या अभ्यासकांनी शोधावं. मूळ शब्दाचा अर्थ नक्कल. आपल्याकडे चिठ्ठी म्हणजे कॉपी, ती पुरवणं म्हणजेही कॉपी, आणि शेजाऱ्याचं बघून लिहिणं म्हणजेही कॉपीच. शब्द इतका घरचा झाला की कृत्यही घरचं वाटू लागलं. कायदा करावा लागला तो १९८२ मध्ये. विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रानं त्या वर्षी स्वतंत्र कायदा केला. बाकावर बसलेल्या मुलापुरताच हा कायदा नव्हता. पेपर फोडणारे आणि बाहेरून मदत पुरवणारेही त्याच्या कक्षेत आले.

तेव्हापासून भरारी पथकं बाह्या तपासू लागली. आणि चारच वर्षांत राज्याला कळलं की मोठी चोरी बाहीत नसते. १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत गुणपत्रकात फेरफार झाल्याचा आरोप झाला. लाभ झाला होता तो तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीला. एका डॉक्टर उमेदवारानं उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. प्रकरण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं राज्यानं अनेक मुख्यमंत्री पाहिले, अनेक राजीनामे पाहिले. पण परीक्षेतल्या गुणांच्या आकड्यांपायी गेलेलं पद म्हणून हे प्रकरण लोकांच्या लक्षात राहिलं. तिथं चिठ्ठी नव्हती, गाईडची फाडलेली पानं नव्हती. नाव झाकलेलं नव्हतं, एवढंच.

१९९० च्या दहावीच्या परीक्षेत आणखी एक वाट उघडकीला आली. मुंबई विभागातल्या २८३ विद्यार्थ्यांचे गुण मॉडरेटरच्या गुणपत्रकांत वाढवलेले आढळले. उत्तरपत्रिका जशाच्या तशा, फक्त वरचा आकडा बदललेला. मंडळानं मुलांना नोटिसा दिल्या, त्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल रद्द केले. मुलं म्हणाली, फेरफार झाला असेल, पण आम्ही केला नाही. उच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं कौल दिला, सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये मंडळाच्या बाजूनं. फौजदारी खटल्यासारखा पक्का पुरावा अशा चौकशीत लागत नाही, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, असं न्यायालय म्हणालं. आईवडिलांनी हे वाक्य ध्यानात ठेवावं. कुणी ‘दहा गुण वाढवून देतो’ म्हणत घरी आला आणि आपण पैसे दिले, तर पुढं ‘पोराला काही माहीत नव्हतं’ हे म्हणणं पोराला वाचवीलच असं नाही.

मग धाकानं कॉपी थांबते का? उत्तर प्रदेशानं १९९२ मध्ये तो प्रयोग केला. कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला, पोरांना बेड्या पडल्या. त्या वर्षी हायस्कूलचा निकाल १५ टक्क्यांच्या आसपास लागला. पुढच्या निवडणुकीत कायदा रद्द करण्याचं आश्वासन दिलं गेलं, सरकार बदललं आणि कायदा गेला. निकाल पडला तेव्हा लोकांना कळलं की वर्षभर शाळांमध्ये शिकवणंच झालेलं नव्हतं. पण तो प्रश्न कुणी विचारला नाही. राग कायद्यावर निघाला.

आपल्या नांदेडची गोष्ट याहून वेगळी. २०१० च्या सुमारास तिथले जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्ती मनावर घेतली. बंदोबस्त होता, पथकं होती, महसूल आणि पोलीस खात्याची माणसं केंद्रांवर होती. पहिल्या फटक्यात निकाल घसरला, ओरड झाली. पण तिथं बोलणं पथकांवर थांबलं नाही. मुलांना परीक्षेपर्यंत तयार कसं करायचं, कच्च्या मुलांकडे कोण पाहणार, पालक आणि शिक्षकांना यात कसं घ्यायचं, हे प्रश्न पुढं आले. हा नांदेड पॅटर्न नंतर राज्यभर कॉपीमुक्त अभियान म्हणून गेला. सगळीकडे त्याला तसं यश आलं असं नाही. परीक्षेच्या तीन आठवड्यांत पाळत ठेवणं सोपं असतं, आधीचे दहा महिने शिकवणं कठीण. आणि दहा महिने रिकामे गेले की मूल ‘अपेक्षित’ प्रश्नांच्या पुस्तिकेकडे जातं, तिथून चिठ्ठीकडे. हा रस्ता उताराचा आहे.

चोरीच्या वाटा पुढंही बदलत राहिल्या. २०१६ मध्ये मुंबईत पोलिसांनी जे प्रकरण उघडकीला आणलं, त्यात अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिकाच विद्यापीठाच्या आवारातून बाहेर यायच्या. मुलांनी परीक्षेत पानं कोरी सोडायची आणि नंतर घरी बसून लिहायची. २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा बाहेर आला आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या प्रमुखालाच अटक झाली. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचे धागे शोधत तपास लातूरपर्यंत आला. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राचा नवा कायदा लागू झाला. या कायद्याचा रोख परीक्षार्थीवर नाही. पेपर फोडणाऱ्या टोळ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था त्याच्या निशाण्यावर आहेत, आणि संघटित गुन्ह्याला किमान एक कोटीचा दंड आहे. विद्यापीठाच्या परीक्षा त्यात येत नाहीत, पण रोख बदलला हे चांगलं झालं. १९८५ पासून जे दिसत होतं ते कायद्याच्या भाषेत यायला चाळीस वर्षं लागली.

आता थोडं माझ्या तरुण मित्रांसाठी. कारण दर परीक्षेत जी मुलं पकडली जातात, त्यांत सगळीच चोर नसतात. काही गाफील असतात. नियमांना गाफीलपणा दिसत नाही. मोबाइल बंद करून खिशात ठेवला तरी तो खिशात सापडला एवढंच लिहिलं जातं. हॉल तिकिटाच्या मागं घाईत लिहिलेला फोन नंबर, कंपासपेटीच्या झाकणावरची सूत्रं, कॅल्क्युलेटरच्या कव्हरावरची पेन्सिल, हे सगळं आदल्या रात्रीच बघून घ्यावं. बाकावर आधीच्या कुणी काही खरडलेलं असेल, खाली चिठोरं पडलेलं असेल, तर पेपर हातात येण्याआधी उठून पर्यवेक्षकांना सांगावं. आपली पुरवणी मित्राला ‘बघायला’ देऊ नये. देणारा आणि घेणारा एकाच ओळीत बसतात. उत्तरपत्रिकेत नोट ठेवू नये, ‘सर, घरची परिस्थिती बेताची आहे’ असं लिहू नये. परिस्थिती खरी असते, ती लिहिण्याची जागा ही नाही.

आणि समजा, पकडलं गेलंच. घाबरून पळू नये, कागद गिळू नये, हुज्जत घालू नये. साधारण पद्धत अशी की आधीची उत्तरपत्रिका आणि सापडलेला कागद जप्त होतो, नवी उत्तरपत्रिका मिळते आणि उरलेला पेपर लिहिता येतो. जबाब मागितला जातो. तो वाचून, समजून, आपल्या शब्दांत लिहावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. पुढं विद्यापीठाच्या समितीकडून बोलावणं येतं, त्याला जावं. लाजेनं न जाणारी मुलं फार. श्रीपाद ठाकूर लाजून घरी बसले असते, तर त्यांच्या नावापुढं लबाडीचा शिक्का कायमचा राहिला असता. तसंच गुणांविषयी शंका असेल तर एजंट शोधू नये. एके काळी आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला नव्हता. १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला होता. २०११ मध्ये त्याच न्यायालयानं माहिती अधिकाराखाली तो मान्य केला. आज सरळ अर्ज करून आपली उत्तरपत्रिका मागता येते. सरळ रस्ता असताना गल्लीतून कशाला जायचं?

आता नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत मूल्यमापनाचं वजन वाढतं आहे. प्रकल्प, स्वाध्याय, तोंडी परीक्षा. कल्पना चांगली, पण इथं गुण देणाऱ्यापुढं मूल नावानिशी उभं असतं. इथं झाकण नाही. तेव्हा शिक्षकाच्या मनानंच ते नाव झाकायचं आहे. आणि मुलांच्या हातात असं यंत्र आलं आहे की विषय सांगितला की निबंध तयार. संशोधनातल्या उचलेगिरीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये नियम केले, किती टक्के साम्य चालेल याची मापं ठरवली. पण यंत्रानं लिहिलेल्या मजकुराचं साम्य कुणाशी मोजणार? तिथं जुनाच उपाय चालेल असं मला वाटतं. मुलाला समोर बसवून विचारावं, ‘बाळ, हे तू लिहिलंस ना? मग यातलं तुला काय पटलं ते सांग.’ ज्यानं लिहिलं आहे तो अडखळत का होईना, सांगतो.

आमच्या घरी एक शब्द होता, अमानत. दुसऱ्यानं विश्वासानं आपल्याजवळ ठेवलेली वस्तू. परीक्षा ही अशी अमानत आहे. पर्यवेक्षकाजवळ, परीक्षकाजवळ, गुण चढवणाऱ्या कारकुनाजवळ आणि बाकावरच्या मुलाजवळही ती थोडी थोडी ठेवलेली असते. चिठ्ठी काढणाऱ्या मुलाला वाटतं, मी सरकारला फसवतो आहे, विद्यापीठाला फसवतो आहे. विद्यापीठाचं काही जात नाही. जातं ते दोन बाक मागं बसलेल्या मुलीचं. तिची आई दिवसभर विड्या वळते, तिला शहरात कुणी ओळखत नाही, आणि तिचं नाव झाकलेल्या त्या एका कागदावर तिनं सगळी आशा ठेवली आहे.